कडेचे टेकू

इटलीच्या उत्तरेकडच्या आमच्या काम्पोसेल्वा गावात एक रीत आहे. कमान असो, घुमट असो की गाईच्या गोठ्याचं छत असो, खालचे टेकू काढायचा दिवस आला की ज्याचं काम असेल त्याने त्याखाली उभं राहायचं आणि शेवटचा टेकू निघेपर्यंत हलायचं नाही. मग मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं. जेलिंदो पेर्तिले आयुष्यभर असाच उभा राहिला, टोपी हातात धरून, वर न बघता. वर बघणाऱ्याला स्वतःच्या कामाची खात्री नसते, असं तो म्हणायचा. त्या बुधवारी मात्र टेकूंमध्ये त्याची मुलगी उभी राहणार होती.

हा जेलिंदो कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्याने त्या दिवशी जे केलं ते निव्वळ डोकं फिरल्याचं वाटेल. तो कमानींचा गवंडी. बापाकडून शिकला, बाप आजोबाकडून. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा वरच्या पठारावर एकही चर्च धड उरलं नव्हतं. मिसरूड फुटलेला हा पोरगा बापाबरोबर वर गेला तो थेट लग्नापुरता खाली आला. बोलायला तुसडा, कामाला चोख. कुणी त्याला नुसता गवंडी म्हटलं तर तो ऐकून घ्यायचा, पण त्याची बायको इनेस ऐकून घ्यायची नाही. "गवंडी पैशाला पासरी आहेत," ती फणकाऱ्याने म्हणायची, "हा कमानी वळवतो."

त्याला एक वेड होतं. सगळं मधोमध हवं. पोलेंताची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, फळी टेबलाच्या मधोमध, दिवा फळीच्या बरोबर वर, डावीकडे दोन पेले तर उजवीकडे दोन, मग प्यायला चौथा माणूस असो वा नसो. लग्नाच्या फोटोत मागचं चर्चचं दार मधोमध येईना म्हणून या गृहस्थाने फोटोवाल्याशी हुज्जत घातली आणि नवरीला उन्हात ताटकळत ठेवलं. इनेसने ते त्याला कधी विसरू दिलं नाही.

या वेडाचं मूळ होतं आमच्या चौकातल्या लोज्जात. चारशे वर्षांपूर्वीचा तो धान्याचा बाजार, पुढून उघडा, कमानींचा. जेलिंदो लहान असताना बापाने त्याला तिथे उभं करून सांगितलं होतं, "खांबाची जाडी हाताने मोज. आता वर बघ. उंची त्याच मापाच्या पटीत. दोन खांबांतली जागा त्याच मापाच्या पटीत. मधली कमान जरा मोठी, कारण माणूस मधून येतो. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. आणि भार कुठून कुठे जातो ते आंधळ्याला विचार, तोही सांगेल. वीट विटेवर, कमान खांबावर, खांब जमिनीवर." जेलिंदोची सगळी वास्तुविद्या एवढीच, आणि एवढ्यावर त्याचं आयुष्य उत्तम चाललं होतं.

मग दुसऱ्या युद्धाच्या शेवटी रेल्वेच्या पुलासाठी सोडलेला बॉम्ब चुकून चौकात पडला. लोज्जाच्या उजव्या अंगाच्या दोन कमानी गेल्या, मधली आणि डावीकडच्या वाचल्या. तेव्हापासून जेलिंदो चौक टाळून मागच्या गल्लीने जायला लागला. एक हात तुटलेल्या माणसासारखी ती इमारत त्याला बघवत नसे. नगरपालिका एक ना एक दिवस त्या कमानी पुन्हा बांधेल आणि त्या आपणच बांधू, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

नोर्मा त्याची एकुलती एक. विटांच्या ढिगावर खेळून वाढली आणि व्हेनिसला जाऊन आर्किटेक्ट झाली. तेव्हा गावाने काय कमी दात काढले? औषधांच्या दुकानाचा मालक साक्कार्दो, ज्याला दुसऱ्याच्या घरात वाकून बघितल्याशिवाय जेवण पचत नाही, तो भर चौकात म्हणाला होता, "काय रे जेलिंदो, पोरगी घरं बांधणार, मग पोलेंता कोण ढवळणार?"

"तुझी बायको ढवळतेच की," जेलिंदो म्हणाला होता, "तरी तू रोज आमच्या दारात कशाला टपलेला असतोस?"

युद्ध संपून बारा वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेने लोज्जाचं काम काढलं, आणि नकाशा मंजूर झाला तो नोर्माचा. त्यात पडलेल्या कमानी नव्हत्याच. उरलेल्या तीन कमानींना हात लावायचा नाही, आणि मोकळ्या जागेवर काँक्रीटचं एक सपाट छप्पर. मागे नवी जाड भिंत, छप्पर त्या भिंतीत धरलेलं, आणि पुढे चौकात अधांतरी आलेलं. पुढच्या कडेला खांब नाही, कमान नाही, काही नाही.

त्या दिवशी पेर्तिल्यांच्या घरात पोलेंता थंड झाली.

"त्याला दुसरा पाय कुठे आहे?" जेलिंदोने विचारलं. "मला फक्त एवढं सांग, दुसरा पाय कुठे आहे?"

"नाही दुसरा पाय. भार मागे जातो, भिंतीत. भिंत धरून ठेवते."

"धरून ठेवते. आणि तिचा हात दुखला म्हणजे?"

"बाबा, तिथे बाजार भरतो. खांब आले की गाड्या अडतात, मांडव अडतात."

"चारशे वर्षं नाही अडल्या."

"अडल्या. तुम्ही बघितलं नाही, कारण तुम्ही नेहमी मधोमध उभे असता," नोर्मा म्हणाली. "तुमच्या लोज्जात मधे उभा राहिला तो राजा. कडेला उभा असेल त्याचं काय?"

"त्याने मधे यावं."

"बाजारच्या दिवशी मधे जागा असते होय? आई वर्षानुवर्षं कडेलाच बसते, अंड्यांच्या टोपल्या घेऊन, पावसात." इनेसने मान खाली घालून पाव कापला. या भांडणात आपल्याला ओढलेलं तिला आवडलं नव्हतं. नोर्मा जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी लोज्जाचं ऐकलं नाही असं समजू नका. छपराची उंची मी तिच्याचकडून घेतलीय. कमान खांबावर जिथे टेकते, बरोबर त्या रेषेत. खोटी कमान बांधून तिची नक्कल केली असती तर तिचाच अपमान झाला असता."

जेलिंदोला हे शेवटचं वाक्य आवडलं, पण तो ते कबूल करणाऱ्यांतला नव्हता. उठून झोपायला गेला.

काम मात्र त्याने स्वतःच घेतलं. त्याचा सुतार तोनी, ज्याने त्याच्या प्रत्येक कमानीखाली लाकूड ठोकलं होतं, त्याने विचारलं, "मिस्त्री, पटत नाही तर घेता कशाला?" जेलिंदो म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ? माझ्या पोरीचं काम आहे." आणि डोळ्यांत तेल घालून केलं त्याने. वाळू धुऊन घेतली, काँक्रीट स्वतः कुटून बसवलं. सळया बांधताना जाड सळया छपराच्या वरच्या अंगाला बांधायच्या होत्या. तेव्हा त्याने विचारलं, वर कशाला, वजन तर खाली ओढतं? नोर्माने सांगितलं की एकीकडून धरलेली फळी वाकते तेव्हा वरून ताणली जाते, म्हणून लोखंड वर. जेलिंदोने मान हलवली. त्याने ते ऐकलं होतं, पण त्याच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी जेवताना नोर्माने पुन्हा एकदा बजावलं, "आधी कडेचे टेकू, मग मधले, शेवटी भिंतीजवळचे. कडेकडून भिंतीकडे. उलटं अजिबात नको. आणि खाली मी उभी राहणार."

"खाली मी उभा राहतो. गवंडी मी आहे."

"नकाशा माझा आहे. रीत ज्याचं काम त्याची आहे, नाही का?"

"रीत बायकांसाठी नाही."

"असं कुणी सांगितलं? आजवर कुणी बाई उभी राहिली नाही, एवढंच," नोर्मा म्हणाली. "बाबा, उद्या तुम्ही उभे राहिलात तर गाव म्हणेल, जेलिंदोचं काम आहे म्हणून टिकलं. आणि मग या भागात मला कुत्रंसुद्धा काम देणार नाही."

जेलिंदोने ताट बाजूला सारलं. रात्रभर त्याला डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. कडेचे टेकू निघतात, आणि एवढं मोठं काँक्रीट एका बाजूने हवेत, आणि खाली पोर. जे टोक भिंतीपासून सगळ्यात लांब, तिथलाच आधार सगळ्यात आधी काढायचा? हे कुठलं शहाणपण? कमानीला दोन पाय असतात. तिचा एक पाय आधी काढतं का कुणी? पोरगी कितीही शिकली तरी हातात हातोडी धरलेली नाही, त्याने मनाशी म्हटलं. पहाटे त्याचा निश्चय झाला.

सकाळी चौकात आल्या आल्या त्याने तोनीला बाजूला घेतलं. "भिंतीजवळचे आधी काढा, मग मधले. कडेची रांग शेवटी. ती मी स्वतः बघेन."

"पण बाईंनी तर काल—"

"तोनी, तुझी पोरगी आहे का खाली?"

तोनीला पोरगीच नव्हती. तो माणसांना सांगायला गेला.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे कामाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर अख्खं काम्पोसेल्वा. पुढे साक्कार्दो, हात पाठीमागे बांधून. इनेस तिच्या टोपल्या सोडून आली होती, पण दोरीजवळ न येता पाणवठ्याच्या कट्ट्याशी थांबली. नोर्मा टेकूंच्या मधून वाकत आत गेली आणि चौकाकडे तोंड करून, भिंत आणि कडेच्या साधारण मधे उभी राहिली. तिच्या पाठीमागे भिंतीपाशी ठोकाठोक सुरू झाली. तिला वाटलं, लोक कडेकडे जायच्या आधी मागच्या फळ्या सैल करताहेत. तीही बापाची लेक, डोळे मिटून उभी राहिली, मागे वळून बघितलं नाही.

भिंतीजवळच्या पाचरी निघाल्या, टेकू आडवे पडले. मग मधल्या रांगेला हात लागला. तोनी आणि त्याची माणसं नोर्माच्या दोन्ही बाजूंनी एकेक टेकू काढत होती; डोळे मिटलेल्या नोर्माला वाटलं, कडेचे काढून ते मधल्यांशी आले. जेलिंदो कडेच्या रांगेशी उभा होता आणि एका टेकूवर त्याचा हात होता, जणू छप्पर तोच धरून उभा आहे. मधला शेवटचा टेकू निघाला आणि वरून आवाज आला. मोठा नाही. वाळलेलं लाकूड पायाखाली मोडावं तेवढा. पांढरी भुकटी नोर्माच्या खांद्यावर पडली.

तिने वर बघितलं.

छपराच्या पोटाला, तिच्या डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

"फुटलं," साक्कार्दो म्हणाला, अगदी शांतपणे, कारण लोकांनी ऐकावं अशी त्याची इच्छा होती. "मी म्हणत नव्हतो?" लोक मागे सरले. तोनीची माणसं हत्यारं टाकून दोरीबाहेर पळाली, आणि खरं सांगायचं तर त्यांना कोण नावं ठेवणार? तोनी तेवढा थांबला, पण छपराच्या बाहेर.

नोर्माने आधी मागे बघितलं. भिंतीजवळ टेकू नाहीत. मग पुढे बघितलं. कडेची पूर्ण रांग उभी, आणि रांगेत तिचा बाप. तिला काय झालं ते कळलं. छप्पर आता दोन पायांवर उभं होतं, भिंतीवर आणि या रांगेवर, आणि मधे पोटाला खाली वाकत होतं, जिथे खाली त्याला लोखंडच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "कडेचे काढा."

"तू आधी बाहेर ये."

"कडेचे काढा. जोवर ते उभे आहेत तोवर ही चीर वाढणार."

"पोरी, बाहेर ये. मग काढतो."

"आधी काढा."

"नोर्मा, तुझ्या आईकडे बघ, ती तिथे उभी आहे. बाहेर ये."

इनेसने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला होता. नोर्माने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचे पाय चालायला लागले असते. वरून पुन्हा थोडी भुकटी पडली. जेलिंदो तोनीकडे वळून म्हणाला, "हातोडा घे." तोनीने मान हलवली. "मिस्त्री, मला नाही जमणार. पोरगी आत आहे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते.

आता ते टेकू काढायला गावात एकच माणूस उरला होता, आणि त्याच्या हाडामांसात हे भिनलेलं होतं की टोकाला टेकू नाही म्हणजे कोसळणार. इतक्या वर्षांत त्याच्या हातांनी कधी असा आधार काढला नव्हता. आणि समोर पोर सांगत होती, काढा. दोघांपैकी एकाचं खरं होतं. तिचं खोटं ठरलं तर पुरावा तिच्या डोक्यावर पडणार होता.

जेलिंदोने टोपी काढून कमरेत खोचली आणि पहिल्या पाचरीवर हातोडा मारला. हळू मारला, चुकला, लाकडावर लागला. दुसरा नीट बसला. पाचर ढिली झाली. ती पूर्ण न काढता तो पुढच्या टेकूकडे गेला, मग त्यापुढच्या. सगळे थोडे थोडे, सारखे सैल करत. हे त्याला येत होतं, कमानीलाही असंच करतात. तेवढ्यात त्याला दुसऱ्या टोकाकडून ठोका ऐकू आला. तोनी आला होता, शिव्या घालत, रडत, पण आला होता. दोघं दोन्ही टोकांकडून मधे येत गेले. शेवटी मधला टेकू राहिला. जेलिंदोने नोर्माकडे बघितलं. त्याने पाचर उडवली, टेकू खांद्याने ढकलून पाडला आणि स्वतः बाहेर न जाता आत घुसला, तिच्याजवळ.

छप्पर बोटभर खाली आलं आणि थांबलं.

जेलिंदो जन्मात पहिल्यांदा वर बघत होता. ती चीर मिटत होती. आधी टोकांकडून, मग मधून. बघता बघता तिथे फक्त एक पुसट रेघ राहिली, आणि मग डोळे बारीक करून शोधावं लागेल इतकंही काही राहिलं नाही. त्याला नीट कळलं नाही, पण दिसलं. त्याने घातलेला आधार होता तोवर छप्पर फाटत होतं, आणि तो काढल्यावर ते स्वतःला सांभाळून उभं राहिलं.

लोक अजून दोरीबाहेरच. साक्कार्दोला मात्र राहवलं नाही. "ते ठीक आहे हो, पण मगाशी जी चीर पडली ती कशाची? नकाशाची की काँक्रीटची?"

नोर्माने तोंड उघडलं. जेलिंदो तिच्या आधी बोलला. "माझी."

"म्हणजे?"

"तिने टेकू कडेपासून काढायला सांगितले होते. मी उलटे काढायला लावले. तोनीने माझं ऐकलं, त्याचा दोष नाही." त्याचा आवाज चौकाच्या पलीकडे गेला. "पेर्तिल्यांच्या घरात चूक झाली ती माझ्याकडून. लिहून हवंय का?"

साक्कार्दोला लिहून नको होतं. इतक्या वर्षांत त्याने जेलिंदोच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याला पुढचा टोमणाच सुचेना. इनेस दोरी ओलांडून आत आली, नोर्माच्या खांद्यावरची भुकटी झटकली, नवऱ्याकडे बघितलंही नाही, आणि आपल्या टोपल्या आणायला गेली. त्या तिने छपराखाली आणून ठेवल्या, पुढच्या कडेला. मग एकेक करून बाकीचे आले.

जेवण खानावळीत होतं, नगरपालिकेच्या वतीने. सुका मासा दुधात शिजवलेला, पोलेंता, वाईन. तोनी लवकरच गायला लागला. जेलिंदो आणि नोर्मा टेबलाच्या टोकाला बसले होते. नोर्माने पेला उचलला, वाईन तिच्या बोटांवर सांडली, आणि तिने तो परत ठेवला. जेलिंदो ते बघत होता.

"भीती वाटली?" त्याने विचारलं.

"चीर पडल्यावर? हो. ती किती आत गेलीय ते मला कुठे माहीत होतं? हिशोब न फुटलेल्या छपराचा होता."

जेलिंदोने हातातला घास ताटात परत ठेवला. "मग मी बाहेर ये म्हटलं तेव्हा का नाही आलीस?"

"मी बाहेर आले असते तर तुम्ही ते टेकू काढले असते?"

त्याने खरंच विचार केला. पोरगी बाहेर आली असती, त्याने सुटकेचा श्वास सोडला असता, आणि कडेचे टेकू तिथेच राहिले असते. रविवारच्या आत त्याने तिथे विटांचे दोन खांब उभे केले असते, एक डावीकडे, एक उजवीकडे, बरोबर सारख्या अंतरावर. चीर सिमेंटने बुजवली असती. गाव म्हणालं असतं, जेलिंदो होता म्हणून पोरीची अब्रू वाचली. आणि त्यालाही तसंच वाटलं असतं, मरेपर्यंत.

"नसते काढले," तो म्हणाला.

नोर्माने मान हलवली. जेलिंदोने तिचा पेला उचलला, दोन्ही हातांनी धरला, आणि ती पिईपर्यंत तसाच धरून ठेवला.